साफ केलेल्या कॅसेटमधला माणूस

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. जळकोटजवळच्या आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती, तेवढीच मी शिकले. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, कुठं काना राहून जाईल, सांभाळून घ्या. एका मासिकात अशा अनुभवांचं पान येतं, ते मी वाचते. तिथं पाठवावं असं कधी कधी वाटतं... पाठवीनच असं नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो, म्हणून वहीत लिहून ठेवते.

मी असल्या गोष्टी मानणारी बाई नव्हते. भूकंपानंतर आमच्या भागात रोज कुणाला ना कुणाला काहीतरी दिसायचं. कुणाला ढिगाऱ्यावर दिवा, कुणाला गेलेली सासू. मी म्हणायची, माणसं भ्यालीत, दुसरं काही नाही. जमीन हलली तेव्हा मी दारात उभी होते. मला काहीसुद्धा दिसलं नाही. भांडी पडली, तेवढी मी नंतर उचलली.

ही गोष्ट त्यानंतर तीन वर्षांनी घडली. लातूरला मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आमच्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत. पुढची दहा बाय बाराची, मागची त्याहून लहान, तिच्यातच स्वयंपाक आणि आमचं अंथरूण. घर माळवदाचं होतं. भूकंपानंतर मातीच्या छताखाली झोपायची छाती होईना, म्हणून आम्ही तीन वर्षं अंगणातल्या छपरात काढली. मग शीतल भाड्यानं राहायला आली आणि तिच्या वडिलांनी दिलेल्या पैशातून आम्ही माळवद उतरवून पत्रे टाकले.

शीतल नांदेडची. बारावीला होती. तेव्हा क्लाससाठी बाहेरगावची मुलं-मुली लातूरला लोंढ्यानं यायला लागली होती आणि ज्याच्याकडं एक खोली जास्तीची तो घरमालक झाला होता. तिच्या वडिलांचं नांदेडला वह्या-पुस्तकांचं दुकान. त्यांनी वर्षाचं राहणं-जेवण मिळून पाच हजार जूनमध्येच हातावर ठेवले. "बाई, तुमच्या भरवशावर ठेवून चाललो," म्हणाले. पुढची खोली तिला दिली. खिडकीपाशी टेबल आणि भिंतीला लागून खाट. आम्हाला मूल नाही. माझे मालक टेम्पो चालवतात, आठवड्यातले चार दिवस बाहेर. ती आली आणि घरात बोलणं सुरू झालं. बोलायची तीच, मी ऐकायची.

आता माझ्या कामाचं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खलीलभाईंची व्हिडिओ लायब्ररी होती. पावसाळ्यात कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी धरायची. ती साफ करायचं काम मी घरी करायची. खालचे पाच स्क्रू काढायचे, वरचं झाकण उचलायचं, फ्लॅनेलच्या कपड्याला थोडं स्पिरिट लावायचं आणि पट्टी त्या कपड्यातून हळूहळू एका चाकावरून दुसऱ्यावर गुंडाळायची. एका कॅसेटला दीड-दोन तास लागायचे. मग लावून बघायची. त्यासाठी खलीलभाईंनी एक जुना व्हीसीआर आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही दिला होता. चित्रात दाणे आले तर ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं. तरी गेले नाहीत तर मशीनमधला पट्टी वाचणारा भाग, म्हणजे हेड, खराब. मग कोरी करकरीत नोट स्पिरिटमध्ये बुडवून तिनं हेड पुसायचं. हे मला खलीलभाईंनीच शिकवलं.

सगळ्यात जास्त मागणी खुनाच्या जुन्या इंग्रजी पिक्चरना. एक खुनी असतो आणि तो एकेकाला गाठून मारत जातो, तसले. क्लासची पोरं रविवारी वर्गणी काढून व्हीसीआर आणि दोन कॅसेट भाड्यानं न्यायची. खलीलभाई मला पुन्हा पुन्हा बजावायचे.

"भाभी, गाण्याचा पिक्चर खरखरीत असला तरी चालतो. हे न्हाई चालत. ह्यात अंधारच लई. दाणे आले की दार कुठलं न् खुनी कुठला, कळतच न्हाई. आन् आवाज तर त्याहून साफ पायजे. मारायच्या आधी सगळं गप होतं बघा, त्या गपमधी खरखर आली की पोरं भाडं देत न्हाईत."

म्हणून मी तो गप्पपणा साफ करायला शिकले. इंग्रजी मला कळत नाही, पिक्चर मी कधी गोष्ट म्हणून पाहिला नाही. दाणे आहेत का आणि खरखर आहे का, एवढंच बघायची.

त्या वर्षी पाऊस लांबला. ऑक्टोबरात एक कॅसेट आली, आतून पिठात लोळवल्यासारखी पांढरी. चार वेळा पुसावी लागली. रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास ती लावून बसले होते. चित्र असं आलं की मलाच नवल वाटलं. परदेशातला बर्फाचा कारखाना, उभ्या लाद्या, त्यांच्यामधून जाणारी वाट, सगळं स्वच्छ. शीतल टेस्ट देऊन आली होती, न्हाऊन केस विंचरत माझ्याशेजारी येऊन टेकली.

"अय्या काकू, हा पिक्चर! मी नांदेडला मामाकडं बघितलाय. तिथं नुसत्या मुंग्या होत्या स्क्रीनवर. तुमच्याकडं किती साफ दिसून राहिलंय!"

मला बरं वाटलं. पिक्चरमध्ये एक मुलगी लाद्यांच्या मधून चालत होती. थांबली. मागं बघितलं. मग ओरडली आणि पडली. बर्फावर काळं रक्त पसरलं.

शीतलचा कंगवा थांबला. "काकू, मागं घ्या बरं जरा."

मी मागं घेतलं. पुन्हा तेच.

"इथं माणूस होता हो. पांढरा एप्रन घातलेला, हातात बर्फ फोडायचा टोचा. तो हिच्या मागून येतो. तो कुठाय?"

"मला काय माहीत बाई. मला वाटलं भुताचा पिक्चर हाय."

"भुताचा न्हाई हो काकू, खुनाचा हाय. माणूसच मारतो सगळ्यांना!"

मग आम्ही पुढचा सगळा बघितला. माणूस नव्हता. दारं उघडत होती, पोरी पळत होत्या, एकेक पडत होती. एका ठिकाणी बर्फावर सावली पडली आणि सरकली... सावली पाडणारं कुणी नव्हतं.

श्वास मात्र ऐकू येत होता. जड, सावकाश, नाकातून घेतलेला. इतका साफ आवाज मी कुठल्याच कॅसेटमध्ये ऐकला नव्हता. आणि माझ्या लक्षात आलं की तो टीव्हीतून येत नाही. आमच्या टीव्हीला एकच स्पीकर होता, उजव्या बाजूला. श्वास आमच्या मागून, डावीकडून, भांड्यांच्या मांडणीपाशी होत होता. मला वाटलं हा माझ्याच कानाचा दोष. पण शीतलनं मान वळवली आणि बरोबर मांडणीकडं बघितलं.

तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही बंद, पंखा बंद. श्वास चालू. मी मोजले — तीन. मग थांबला.

"उंदीर असंल," मी म्हणाले.

"उंदीर असा श्वास घेतो व्हय काकू?" ती हसली. पण विंचरणं तसंच अर्धं सोडून पुढच्या खोलीत गेली आणि मधलं दार उघडंच ठेवलं.

कॅसेट मी दुसऱ्या दिवशी देऊन आले. दोनच दिवसांत खलीलभाईंनी बोलावलं. मी नेहमीसारखी दुकानाच्या पायरीखाली उभी राहिले.

"भाभी, काय केलं हो तुम्ही? चार पोरं भाडं माघारी घेऊन गेली. म्हणतेत, चाचा, तुमचा खुनी रजेवर गेला का काय?" हसले, मग हसू गेलं. "मी इथल्या मशीनवर लावून बघितली. पुसली तर अख्खी पट्टी जाती. एकटा माणूस पुसायला तुम्हाला कोण उस्तादानं शिकवलं?"

त्यांनी ती कॅसेट खणात टाकली आणि दुसऱ्या सहा कॅसेट माझ्या पिशवीत भरल्या. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, निदान मला वाटलं असतं की माझंच काहीतरी चुकलं.

त्याच दिवशी दुपारी मांडणीसमोर फरशीवर उन्हाचा एक गोल ठिपका दिसला, रुपयापेक्षा लहान. वर बघितलं तर पत्र्याला भोक. मालक घरी होते. ते शिडी लावून वर चढले आणि वरूनच ओरडले, "अगं ए! आतून कुणी मारलंय हे? कडा वर वळल्यात!"

मी खाली शिडी धरून उभी. छत जमिनीपासून दहा फूट उंच.

"दिवसभर घरात काय करून राहिलीस तू? पाच हजाराचे पत्रे हायत, बापाच्या घरून आणले न्हाईत!"

त्यांनी डांबर लावलं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्याला भोक, पत्र्याच्या डब्याला आरपार. मग माझ्या फ्लॅनेलच्या कपड्याला, घडीच्या आठही पदरांतून. मग मधल्या दाराच्या फळीला. सगळी सारखीच, गोल, पेन्सिल जाईल एवढी. प्रत्येक भोकाची कड ओली असायची. बोट लावलं तर गार. ऑक्टोबरातल्या उन्हात पत्र्याखाली आम्ही भाजून निघत होतो आणि ती कड बर्फासारखी गार.

मालकांना वाटलं मीच करतेय. "डोकं फिरलंय का तुझं?" असं त्यांनी जेवताना तीनदा विचारलं. मी भाकरी वाढत राहिले. काय सांगणार होते? पिक्चरमधला माणूस निघून आलाय असं?

मग एका दुपारी शीतल फिजिक्सच्या नोट्सची जाड वही घेऊन आली. पुठ्ठ्यापासून शेवटच्या पानापर्यंत एकच सरळ भोक.

"काकू, बघा ना. उंदीर असं खातो का?"

"नव्या जातीचे उंदीर हायत," मी म्हणाले.

"लातूर पॅटर्नचे," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. ती गेल्यावर मी जागेवरच बसले. कारण मला तेव्हा क्रम दिसला. मांडणी, पिठाचा डबा, माझी कामाची जागा, मधलं दार, आता टेबल. रोज दोन-तीन हात पुढं. तो चालत होता. सावकाश, त्या श्वासासारखा. आणि टेबलाच्या पुढं खाट होती.

गुरुवारी ती क्लासला गेल्यावर मी पुढच्या खोलीत झाडायला गेले. उशीवर, बरोबर डोकं टेकतं तिथं खळगा पडला होता, त्याच्या मधोमध भोक. मी बोट घातलं. कापूस ओला होता. बोट एवढं गार पडलं की बराच वेळ पदरात धरून बसले.

साडेबारापर्यंत ती येणार होती. मला दीड तास होता आणि तेवढ्यात ठरवायचं होतं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं. आमच्याकडं मुलीच्या बाबतीत असं काही ऐकू आलं की घराला काही म्हणत नाहीत, मुलीलाच बाहेरचं लागलं म्हणतात. वडील तिला घेऊन जातात. आधी अंगारा, मग कुणीतरी बाबा, मग वर्ष वाया गेलं म्हणून लग्न. आमच्या वाडीत एकीचं असंच झालं होतं आणि तिला तर नुसता ताप आला होता. कुणा पोराचं नाव घेतलं असतं तरी तेच, दुसऱ्या दिवशी शाळा बंद. तिनं माझ्या घरातून आजच्या आज जायला पाहिजे होतं, पण लातूरमधून नाही. मला असा आळ पाहिजे होता की लाज माझी जाईल, तिची नाही.

ती आली, चप्पल काढली, हातपाय धुतले, "काकू, वाढा" म्हणाली. मी ताट वाढलं नाही. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, कसा निघाला कुणास ठाऊक.

"किती खातीस गं तू? सकाळी तीन भाकरी, आता तीन, रात्री परत चार! तुझ्या बापानं दिलेल्या पैशात माझं पीठसुद्धा भागत न्हाई!"

"काकू... मस्करी करून राहिल्या का?"

"मस्करी कसली? तुला पोसायला मी काय धर्मशाळा उघडली का? आत्ताच्या आत्ता सामान उचल. तुझ्या क्लासजवळ मुलींचं वसतिगृह हाय, तिथं जा न् तिथं खा किती खायचं ते!"

गल्लीतल्या बायका दारात आल्या. मला तेच हवं होतं, साक्षीला. शीतल रडली नाही. तिचे कान लाल झाले. तिनं पुस्तकं भरली, पेटी भरली. उशी घ्यायला लागली तेव्हा मी ती तिच्या हातातून हिसकावली. "ती माझी हाय!" म्हणाले. तिची होती, तिच्या आईनं भरलेली. ते तिला सगळ्यात जास्त लागलं असावं. मी ती त्याच दुपारी अंगणात जाळली. ओल्या लाकडासारखी धुमसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील नांदेडहून आले. आत आले नाहीत, पाणी घेतलं नाही.

"बाई, लेकराचं खाल्लेलं काढलंस तू. भर गल्लीत." ते माझ्याशी नेहमी अहो-जाहो बोलत आले होते. "मी भाकरी मोजणाऱ्या घरात पोरगी ठेवली, चूक माझी. तू तिच्या भाकरी मोजल्यास, आता मी पैसे मोजून घेणार. पाचच्या पाच हजार. तिनं पाच महिने खाल्लेलं धरून."

"देते," मी म्हणाले.

"परीक्षेपर्यंत ती वसतिगृहातच राहणार. तिच्यासमोर येऊ नकोस."

परीक्षेपर्यंत, म्हणाले. एवढं ऐकलं आणि मी पदर तोंडाशी धरला. त्यांना वाटलं मी लाजेनं रडतेय.

मालकांनी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी म्हणाले, "फेडणार तू. माझ्या टेम्पोचा एक रुपया मिळायचा न्हाई." गल्लीत माझं नाव भाकऱ्या मोजणारी असं पडलं. दळण घेऊन गेले की गिरणीत बायका एकमेकींना म्हणायच्या, "वजन नीट बघ गं, मोजणारी आली." अजूनही म्हणतात.

त्यानंतर घरात एकही भोक पडलं नाही. मी दीड महिना रोज पत्रे, डबे, दारं तपासली. उशीवरचं शेवटचं.

आणि मग डिसेंबरात खलीलभाईंनी रस्त्यातूनच हाक मारली. "भाभी, या या! आला बघा तुमचा माणूस."

त्यांनी ती कॅसेट खणातून सहज काढून लावली होती. मी पायरीखालूनच बघितलं. रंगीत टीव्ही होता. लाद्यांच्या मधून मुलगी चालत होती आणि तिच्या मागून तो येत होता. पांढरा एप्रन, हातात टोचा. त्याची चाल मी ओळखली... सावकाश.

"काय लावलं हो तुम्ही ह्या पट्टीला?" खलीलभाई म्हणाले. "मी वीस वर्षं टीव्ही-रेडिओच्या धंद्यात हाय. कॉपीच्या कॉपीची कॉपी हाय ही. ह्याच्या एप्रनच्या गुंड्या दिसून राहिल्यात! बाकी सगळं हाय तसंच खरखरीत, हा एकटाच साफ."

मी घरी आले. ती कॅसेट पुढं कित्येकांनी भाड्यानं नेली, कुणाला काही झालं नाही.

मी खूप विचार केला आहे. उंदीर म्हणून बघितलं, गंजलेला पत्रा म्हणून बघितलं, मीच झोपेत उठून काही करते का म्हणून पायाला दोरी बांधूनही झोपले. काही जुळत नाही. पट्टीवरून एक माणूस कसा जातो आणि परत कसा येतो, ते खलीलभाईंना कळलं नाही, मला कुठून कळणार? मी तिला घालवलं म्हणून तो थांबला, की तो तसाही उशीपाशी थांबणारच होता? हे मला माहीत नाही. दुसरं खरं असेल तर मी त्या पोरीला उगाच बोलले.

शीतल बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली, नांदेडच्याच कॉलेजात गेली. मी दर दोन-तीन महिन्यांनी जमतील तेवढे पैसे मनिऑर्डरनं पाठवत राहिले. कॅसेटचा धंदा बसला, मग क्लासच्या मुलांचे डबे सुरू केले. भाकरी मोजून देत नाही.

शेवटचे चारशे मात्र हातानं द्यावे वाटले. नांदेडला दुकानात गेले. वडिलांनी मान वर केली, ओळखलं, हात पुढं केला. नोटा घेऊन आतल्या टेबलापाशी गेले, जुनी पावत्यांची चळत काढली. गल्ल्यावर शीतल बसली होती. मी वळले तशी ती उठून माझ्या मागं पायरीवर आली. उंच झाली होती, हडकली होती. गालफडं वर आलेली.

"काकू, एक विचारू?"

मी मान हलवली.

"मी खरंच लई खायची का हो?"

"न्हाई गं," मी म्हणाले. "न्हाई गं माय."

"मग?"

माझा घसा कोरडा पडला. ती थांबली होती. मी तोंड उघडलं, आणि आतून तिचे वडील म्हणाले, "बरोबर हायत. पाच हजार, पूर्ण फिटले."